उपाशी बायकांचा हंगाम

फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरात साबुदाणा भिजतो आणि माझं डोकं तापतं.

बाहेर सगळं छान चाललेलं असतं. केडगावातल्या आमच्या गल्लीत कडुलिंबाची पिवळी पानं दारात येऊन पडतात. दुपारचं ऊन जरा चावायला लागतं. रसवंतीवाला चरकाला नवे घुंगरू बांधतो. गावाकडचा पुतण्या फोनवर सांगतो, काकू, ज्वारी काढायला आलीय, या की. आणि घराघरांतल्या टीव्हीचे आवाज खाली येतात, कारण कुणाची तरी दहावी असते, नाहीतर बारावी.

यंदा आमच्याकडे बारावी आहे. म्हणजे माझ्या नातीची, श्रावणीची. पण खरं विचाराल तर बारावी तिच्या आईची आहे, माझ्या सुनेची, वैशालीची. पेपर लेकीनं द्यायचे, उपवास आईनं करायचे, अशी कामाची वाटणी झालेली आहे. बापाच्या वाट्याला काय आलं? बापानं टीव्हीचा आवाज कमी केला. झालं त्याचं कर्तव्य.

वैशालीला शुगर आहे. रोजची गोळी आहे. पहिल्या पाळीला ती नागापूरच्या एमआयडीसीत जाते, कंपनीची गाडी पुणे रोडला येते तिथं अंधारातच जाऊन उभी राहते, आणि मग दिवसभर उभ्यानं लोखंडाचे तुकडे तपासते. अशा बाईनं लेकीसाठी आधी सोमवार धरला. मग गुरुवार धरला. संकष्टी होतीच. त्यात कंपनीतल्या कुणा शहाणीनं सांगितलं की शनिवार केला की पोरांच्या वाटेतलं विघ्न टळतं, तर शनिवारही आला. पोरीला चांगलं कॉलेज मिळेपर्यंत आईनं आठवडाभर पोटाला कुलूप लावायचं, आणि ते कुलूप साबुदाण्याच्या खिचडीनं उघडायचं.

डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला घेऊन गेले होते. त्यांनी रिपोर्टवरून नजर न उचलता सांगितलं, "टेन्शन कमी करा. वेळेवर जेवा." वैशालीनं मान हलवली. मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, "बाई, जेवणाचं बघते मी. पण हे टेन्शन कमी कुठं करून मिळतं? चितळे रोडला, का मार्केट यार्डात?" त्या हसल्या. मी हसले नव्हते.

मी काही फार वेगळी होते असं नाही. वेगळी कसली! या शाळेची मी हेडमास्तरीण होते.

राजूची दहावी होती ते वर्ष. राजू म्हणजे वैशालीचा नवरा, माझा मुलगा. आम्ही तेव्हा घोडेगावजवळच्या वस्तीवर राहायचो. मालक, म्हणजे राजूचे वडील, साखर कारखान्यावर हंगामी होते आणि हंगाम सरला की आढ्याकडे बघत बसायचे. पोरानं आढ्याकडे बघत बसू नये, एवढंच माझं मागणं. ते मागणं मांडायचं कुणापुढं? देवापुढं. आणि देवापुढं जायचं तर रिकाम्या हातानं कसं जाणार? म्हणून रिकाम्या पोटानं गेले.

त्या वेळची ती बाई तुम्ही पाहायला हवी होती. नाक वर, पदर कमरेला खोचलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की महाराष्ट्रातली सगळी दहावी हिच्याच पोटावर उभी आहे. ज्वारी उपटायला आम्ही सगळ्या ओळीनं लागायचो. धाटाला दोन्ही हातांनी धरायचं, अंग मागं टाकायचं, की मुळासकट ढेकूळ वर यायचं. तळहाताची कातडी सोलून निघायची. कोरड्या मातीचा नि धाटाचा तो गोडसर वास नाकात बसायचा. दुपारी सगळे बांधावर बसले की फडकी सुटायची. भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि आमच्या या साध्वी जरा लांब, बाभळीखाली, भाजलेलं रताळं घेऊन बसायच्या. कुणी विचारलं नाही तरी मोठ्यानं सांगायच्या, "माझा गुरुवार आहे बरं का."

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, घास तोंडात ठेवूनच म्हणायच्या, "व्हय गं माय. तुजा गुरवार हाय त्ये घोडेगावच्या बाजारातल्या बैलांना बी म्हाईत हाय. बस आता गप."

बायका हसायच्या. मला वाटायचं, या जळतात माझ्यावर.

आणि उपवास तरी कसला! सकाळी शेंगदाण्याचं कूट पेरलेली खिचडी. दुपारी भगर-आमटी. मध्येच राजगिऱ्याचा लाडू, तोही एक खाल्ला तर दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून दोन. संध्याकाळी बटाट्याचा कीस. आणि चहा तर किती, ते चुलीलाच माहीत. उपवासाच्या दिवशी ती बाई इतर दिवसांच्या दुप्पट खायची आणि चौपट चिडायची. रात्री छातीत जाळ उठायचा, मग पाण्यात सोडा टाकून प्यायची आणि ढेकर दिला की म्हणायची, देवानं ऐकलं.

मला हसू येतं तिचं. पण हसता हसता दात आवळले जातात. कारण आता या वयात मला कळतं की ती बाई मूर्ख असली तरी पुरती मूर्ख नव्हती. तिला एक गोष्ट बरोबर ठाऊक होती. घरात तिचं कुणी ऐकायचं ते फक्त ती उपाशी असली की.

एरवी 'मला भीती वाटते' असं म्हणायची सोय नव्हती. कुणाला म्हणणार? मालकांना म्हटलं तर ते चप्पल पायात घालून पारावर जायचे. 'मी दमलेय' म्हटलं तर आत्याबाई त्यांच्या तरुणपणीच्या दळणाची कथा काढायच्या. पण 'आज माझा उपवास आहे' म्हटलं की सगळे दबकायचे. पोरं दंगा करायची नाहीत. मालक पाण्याचा तांब्या स्वतः भरून घ्यायचे. मी भांडं आदळलं तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. उपाशी आहे, चालायचंच. पोट भरलेल्या बाईनं भांडं आदळलं असतं तर तिला माहेरी जायचा रस्ता दाखवला असता. म्हणजे बघा, रागवायचा परवाना काढायला भुकेची फी भरावी लागायची. देव मध्ये उगाच. देवानं कुणाला सांगितलं होतं?

हे सगळं आता जुनं झालं असं मला वाटलं होतं. सून शिकलेली, कमावती. गाडी चालवते, ऑनलाइन वीजबिल भरते. पण ही बाई घरी येते, हातपाय धुते आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या चिवड्याच्या डब्यात हात घालते. ताट घेऊन बसत नाही. एका हातानं भाजी परतायची, दुसऱ्या हातानं बकाबका फरसाण. सगळ्यांचं झालं की कढईत उरलेलं पोळीनं पुसून खायचं, तेही उभ्यानं. आणि उपवासाच्या दिवशी, खिचडीचे दोन घास सोडले तर, तेवढंही नाही. तिचं पोट म्हणजे घरातली अडगळीची खोली झालीय. ज्याला जे ठेवायला जागा नाही, ते तिथं नेऊन टाकायचं.

श्रावणीचं वेगळंच. परवा तिचं अंथरूण झटकायला गेले तर फिजिक्सच्या पुस्तकातून वेफर्सची रिकामी पाकिटं पडली. उशीच्या अभ्र्यात कुरकुरे. मी ती चांगली हातात धरून उभी राहिले.

"आज्जी, ओरडू नको ना," ती म्हणाली.

"मी कशाला ओरडू? विचारते फक्त. सकाळची पोळी ताटात तशीच होती. आणि हे कोण खातं, उंदीर?"

"पोळी नाही जात गं."

"का? दात पडले?"

तिनं पेन हातात घेतलं. मग पेनाचं टोपण काढघाल करत म्हणाली, "मम्मी समोर उभी असते. नुसतं पाणी पीत. म्हणते, तू खा, माझं काय. मग पोळीचा तुकडा मोडला ना, की तिलाच मोडल्यासारखं वाटतं. हे खाताना कुणाचं तोंड तरी दिसत नाही."

पाकिटं माझ्या हातात चुरचुरली. आईनं लेकीसाठी उपाशी राहायचं, त्यामुळे लेकीच्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून लेकीनं चोरून कचरा खायचा, लेक वाळली म्हणून आईनं आणखी एक वार धरायचा. याला म्हणतात माया! अशा मायेला चुलीत घाला.

आमची शेजारीण शमीम. भिंतीला भिंत आहे. पिको-फॉल करते, माझ्या साड्यांना अर्ध्या पैशात आणि वैशालीच्या साड्यांना पूर्ण पैशात, कारण म्हणे म्हातारीला सूट. यंदा परीक्षा आणि तिचा रमजान एकदमच आले. मी तिच्याकडे दोरा आणायला गेले तर बाई स्वयंपाकघरात शांतपणे पाटावर बसून भाजी-भाकरी खात होती, शेजारी गोळ्यांचं पाकीट. तिलाही शुगर, वैशालीपेक्षा जुनी.

"काय गं शमीम, रोज्याच्या दिवसांत जेवतेस? सांगू का मोहल्ल्यात?"

"सांगा की भाभी. माईक आणून देऊ?" तिनं घास थांबवला नाही. "आजारी माणसाला माफ आहे. बदल्यात कुणा गरिबाला जेवू घालायचं. देणाऱ्यानं सूट दिली अन् मी म्हणू, नको, मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं? तौबा."

"मनाला लागत नाही?"

"लागतं तर! पहिल्या वर्षी लई रडले. घरातले सगळे रोज्याला अन् मी कुत्र्यासारखी एकटी खाते, असं वाटायचं. पोरगी म्हणाली, अम्मी, तू हॉस्पिटलात पडलीस तर आमची ईद काय दवाखान्याच्या बाकड्यावर करायची का? मग समोर बसली अन् माझं खाणं होईस्तोवर उठली नाही. तिचा रोजा होता, बरं का."

दोरा घ्यायचा राहिला. घरी येताना मला एवढा राग आला होता की आमच्याच दाराची कडी मला उघडेना. सूट तर आमच्यातही आहे. आजारी, गरोदर, लेकराला पाजणारी, हिनं उपवास करू नये, हे आमच्या म्हाताऱ्याही सांगत आल्यात. पण ते मोठ्यानं म्हणायला कुणी तयार नाही. ना वैशालीचा नवरा, ना तिच्या कंपनीतल्या मैत्रिणी. उलट सगळ्या म्हणतात, "काय बाई करते लेकीसाठी!" बाईच्या भुकेचं कौतुक करणाऱ्यांच्या हातावर आधी छडी मारली पाहिजे. कौतुक फुकट असतं ना, म्हणून सगळे सढळ हातानं वाढतात. भाकरी वाढायला उठावं लागतं.

आणि मग तो गुरुवार आला. श्रावणीचा पेपर होता. वैशाली सकाळी गोळी घेऊन, वर पाणी पिऊन पाळीला गेली. दुपारी दारात रिक्षा थांबली. कंपनीतल्या दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून आणलं होतं. चेहरा राखेसारखा, कपाळाला घाम, ओठ थरथरतायत. मशीनपाशी खाली बसली म्हणे, ती उठेचना. नशीब, हात मशीनमध्ये नव्हता. नशीब, एकीच्या पर्समध्ये साखरेच्या पुड्या होत्या.

मी तिला पलंगावर निजवलं. डोळे उघडून तिनं पहिलं वाक्य काय म्हणावं?

"आई, साखरेच्या पाण्यानं उपवास मोडत नाही ना?"

त्या दोघी बायका एकमेकींकडे बघून हळूच म्हणाल्या, "नाही मोडत, ताई." मी मात्र पदर तोंडात कोंबला. नाहीतर माझ्या तोंडून जे निघालं असतं ते देवघरातल्या फोटोंनाही ऐकवलं नसतं.

राजू दुकानातून धावत आला. टायरचं दुकान आहे त्याचं, हात काळे, तसाच आला. घाबरला होता, हे मला दिसत होतं. पण घाबरलेला पुरुष घाबरल्यासारखा बोलेल तर शपथ. तो ओरडला, "हजारदा सांगितलं हिला, टेन्शन घेऊ नको, टेन्शन घेऊ नको!"

"घेऊ नको म्हणे!" मी उठूनच उभी राहिले. "ते काय दारात ठेवलेलं असतं, आणि ही मुद्दाम उचलून घेते? पोरीचा क्लास कोण बघतं? फॉर्म कुणी भरला? पेपर बरा गेला, हे तुझ्या बहिणीला रोज फोनवर कोण सांगतं? आज हिनं ते सगळं खाली ठेवलं तर उचलणार कोण रे? तू?"

"आई, पण मी..."

"तू टीव्हीचा आवाज कमी केलास. माहीत आहे."

राजूनं काळे हात पँटला पुसले. खाली बघून पुटपुटला, "माझ्या दहावीला तू असंच करायचीस. मला तर पेपरापेक्षा तुझी भीती वाटायची."

"मग त्या बाईला तेव्हाच हाणायचं होतंस," मी म्हटलं. "हिच्यावर कशाला ओरडतोस?"

संध्याकाळी श्रावणी आली तोवर वैशाली उठून बसली होती. मुलीनं आईचा चेहरा पाहिला आणि पेपर कसा गेला ते सांगायचंच विसरली. मी पीठ मळायला घेतलं. राजूला कांदा चिरायला बसवलं. डोळे पुसत का होईना, पण चिरला त्यानं. पिठलंही त्यालाच ढवळायला लावलं, ते रटरटलं. पहिली भाकरी तव्यावर फुगली तशी मी ती पिठल्याबरोबर ताटात घालून वैशालीपुढं ठेवली. ओट्यावर नाही. खाली, तिला पाटावर बसवून.

"नको आई. गुरुवार आहे. आता एवढा दिवस काढला..."

"नको खाऊस. ताट राहू दे तिथं. तू बोल."

"काय बोलू?"

"शिव्या दे. कुणालाही. लाजत असशील तर माझ्यापासून सुरू कर."

ती कसनुसं हसली. "काहीतरीच तुमचं."

"तुझी ती कंपनीतली शहाणी कोण, जिनं शनिवार सांगितला? तिच्यापासून कर."

"तिचं काय..." वैशालीनं नखानं पाटाची कड खरवडली. "तिला काय जातंय सांगायला. तिचा मुलगा आधीच कॅनडात आहे." जरा थांबली. "आणि तो सुपरवायझर. म्हणतो, मॅडम, घरचं टेन्शन घरी. मग कंपनीचं टेन्शन मी कुठं ठेवू, पुणे रोडला? उभं राहून पाय सुजतात, बसायला स्टूल मागितलं तर म्हणतो, लेडीज आहात म्हणून सवलत देता येणार नाही."

"हां," मी म्हटलं.

"आणि तुमची मुलगी. रोज फोन. किती मार्क पडतील, किती मार्क पडतील. मला काय माहीत? मी काय तपासणार आहे पेपर? आणि श्रावू, तू! रात्रंदिवस खोलीचं दार लावून बसतेस. मला काही सांगत नाहीस. मला एवढी भीती वाटते गं. तू ते काहीतरी करून घेशील, बातम्यांमध्ये येतं तसं. मी रोज दाराला कान लावते. म्हणून मी उपवास करते. दुसरं मला काही करताच येत नाही!"

 तिचा आवाज आता भिंतीपलीकडं शमीमच्या शिलाई मशीनपर्यंत जात असणार, कारण मशीन थांबलं. बोलता बोलता वैशालीचा हात ताटात गेला होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात टाकला. तिला पत्ता नव्हता.

राजूनं तोंड उघडलं. मी उलथनं उचललं. त्यानं तोंड मिटलं.

"आणि तुम्ही," ती नवऱ्याकडं वळली, घास चावत, "तुम्ही म्हणता टेन्शन घेऊ नको. एकदा तरी म्हणालात, दे इकडं? परवा क्लासच्या सरांना भेटायचं होतं, तर म्हणे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक रोजच असतं! तुमची मुलगी रोज बारावीला असते का?" आणखी एक तुकडा मोडला. "आणि या पिठल्यात मीठ कुणी टाकलं नाही?"

"मी," राजू म्हणाला. "म्हणजे, मी नाही टाकलं."

"दिसतंय!"

श्रावणी मांडीवर हात ठेवून आईकडं बघत होती. रडत होती का हसत होती, मला चष्म्यातून नीट दिसलं नाही. तिनं फडताळातून स्वतःचं ताट काढलं, आईच्या समोर मांडी घालून बसली आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी तिच्या ताटात भाकरी टाकली. तिनं मोठा तुकडा मोडला. आईच्या तोंडाकडं बघतच तो खाल्ला.

राजू मिठाचा डबा घेऊन आला आणि बायकोच्या शेजारी फरशीवर बसला. वैशालीचं अजून संपलेलं नव्हतं. आता तिच्या शिव्यांच्या तावडीत कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर आला होता. मी तव्यावर पुढची भाकरी टाकली.